बारावीच्या गुणांना प्रवेशात पुन्हा जागा द्या: दोन मंत्री आणि सीईटी कक्षाला खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
आणि मा. आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, महाराष्ट्र

ठाणे, डिसेंबर २०२५

महोदय,

यंदा जूनमध्ये अभियांत्रिकीच्या सीईटीचा, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला, त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर एक गृहस्थ उभे होते. अंगात कामावरचाच सदरा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाइल. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार आहेत, राहतात कोपरखैरण्याला. मुलगा माझ्याच वर्गातला, नुकताच बारावी झालेला. मला बघून पुढे आले आणि म्हणाले, "मॅडम, पोराला बारावीला एक्क्याऐंशी पडले आणि सीईटीला अठ्ठ्याहत्तर. तीनाचाच फरक आहे. मग कॉम्प्युटर मिळणार नाही असं सगळे का म्हणतायत?"

मी त्यांना बाकावर बसवलं आणि फाइलच्या मागच्या कागदावर आकडे मांडून दाखवले. सीईटीचे ते अठ्ठ्याहत्तर टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहे. शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर मुलांच्या तो बरोबरीचा किंवा पुढे आहे, एवढाच त्याचा अर्थ. पीसीएमला, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या गटाला, यंदा चार लाखांहून जास्त मुलं बसली. म्हणजे त्याच्या पुढे नव्वद हजारांच्या आसपास मुलं उभी आहेत. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग विचारलं, "आणि बारावीचे एक्क्याऐंशी? ते कुठं धरतात?"

"कुठंच नाही," मी म्हणाले.

हे सांगताना मला लाज वाटली. कारण ते एक्क्याऐंशी मिळवायला त्या मुलाला दोन वर्षं मीच बसवलं होतं. जर्नल वेळेवर पूर्ण कर, डेरिव्हेशन न बघता लिहून दाखव, आकृतीला नावं दे, उत्तरापुढे एकक लिही. त्याने सगळं केलं. पहाटे वडील मार्केटला निघाले की तोही उठायचा, आणि साडेसातच्या पहिल्या तासाला पहिल्या बाकावर हजर असायचा.

मी सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. राहते ठाण्यात, शिकवते नवी मुंबईतल्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात. आपल्याकडे माझी मागणी एकच आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशात बारावीच्या गुणांना पुन्हा निम्मं वजन द्या.

नियम आपल्याला पाठ आहेत, पण हे पत्र पालकही वाचतील म्हणून सांगते. राज्यातल्या अभियांत्रिकी पदवीच्या जागांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. तेवढे मिळाले की बारावीचं काम संपलं. तिथून पुढे गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. ४६ टक्के पडलेला आणि ९६ टक्के पडलेला, दोघंही त्या यादीच्या दारात सारखेच.

याच मुलाला दहावीला ८९ टक्के होते आणि त्या गुणांवरच त्याला आमचं कॉलेज मिळालं होतं. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर क्षेत्रात दीड दशकाहून जास्त काळ चालू आहे. २०२५ पासून तो राज्यभर लागू झाला. दहा पसंतिक्रम भरायचे, मागच्या वर्षीचे कट-ऑफ बघायचे, आणि अर्ध्या टक्क्याने कॉलेज हुकलं की घरात दोन दिवस कोणी धड जेवत नाही, हे ठाणे-नवी मुंबईतल्या घराघरात घडतं. दहावीच्या गुणांवर आपला इतका विश्वास आहे की ८९.२० आणि ८९.६० मध्ये आपण मुलांची कॉलेजं वेगळी करतो. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर सात गुण वाढतात, तेवढ्यासाठी पालक मुलांना सुट्टीत रंगपेटी देऊन क्लासला पाठवतात. दोन वर्षांनी तेच राज्य मंडळ परीक्षा घेतं. तशाच उत्तरपत्रिका, तसेच परीक्षक, तसेच नियामक. मग या दोन वर्षांत असं काय बिघडतं की त्या गुणांची किंमत एका उंबरठ्यापुरती उरते?

याचा परिणाम काय होतो, ते मी रोज वर्गात बघते. ऑगस्टपर्यंत बाकं भरलेली असतात. गणपतीनंतर मागच्या दोन रांगा रिकाम्या होतात. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं की १२० च्या तुकडीत तीस-पस्तीस मुलं समोर असतात, आणि ती सगळी बहुतेक ठरलेली असतात: ज्यांना क्लासची फी परवडलेली नाही ती. बाकीची कुठे आहेत, तेही मला ठाऊक आहे. सकाळी ठाण्याहून वाशीला जाणारी लोकल मी पकडते, तेव्हा ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याच्या फलाटांवर माझेच विद्यार्थी क्लासच्या बॅगा पाठीला लावून उभे दिसतात. काही जण नजर चुकवतात. काही जण प्रेमाने "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणतात आणि तुर्भ्याला किंवा सानपाड्याला उतरून क्लासकडे वळतात. मला त्यांचा राग येत नाही. गुण जिथे मोजले जातात तिथे मूल जाणारच.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे ज्याला सगळे 'इंटिग्रेटेड' म्हणतात तो. मुलाचं नाव एका कॉलेजच्या हजेरीपटावर, आणि मूल दिवसभर क्लासमध्ये. कॉलेज प्रॅक्टिकलपुरतं, तेही परीक्षेच्या आधी आठवडाभर. सरकारला हे माहीत नाही असं म्हणायला जागा नाही. २०१८ मध्ये शासनाने निर्णय काढून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद विभागांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, ती यासाठीच. आमच्या भिंतीवरही यंत्र बसलं. काही महिने अंगठे उमटले, मग ते बिघडलं, मग दुरुस्तीचा कागद फिरत राहिला. आज ते यंत्र भिंतीवर आहे आणि त्याखाली सूचनाफलक लावलाय. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट कागदावर आहे. अंगठा घेऊन मूल वर्गात येत नसतं. वर्गात शिकलेल्याचं प्रवेशात काही मोजलं जाणार असेल, तर ते आपल्या पायांनी येतं.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी एका दुसऱ्या कॉलेजात बाह्य परीक्षक म्हणून गेले होते. एका मुलीला चिठ्ठीत मीटर ब्रिज आला. अनोळखी तारेचा रोध काढायचा. मुलगी शांत, नीटनेटकी, हुशार आहे हे बोलण्यातच कळत होतं. तिने तारा हातात घेतल्या, टेबलावरच्या गॅल्व्हानोमीटरकडे बघितलं, पट्टीवरच्या तारेला बोट लावलं आणि तशीच थांबली. दहा मिनिटांनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, रीडिंग देता का? मी कॅल्क्युलेशन करते." मी विचारलं, जोडणी कधी केली होतीस? म्हणाली, "आमचं फक्त डेमो झालं." मग तोंडी परीक्षेत मी तिला व्हीटस्टन ब्रिजच्या संतुलनाची अट विचारली, तिने डोळे मिटून सांगितली. सूत्र बरोबर, उत्तर बरोबर, आणि समोरच्या टेबलावरची वस्तू तिला परकी.

मी तिला तीसपैकी अठ्ठावीस दिले.

हे मी कबूल करते, कारण या पत्रात मी फक्त दुसऱ्यांचे दोष सांगत राहिले तर ते खोटं होईल. प्रॅक्टिकलचे तीस गुण आज बारावीत जवळजवळ सगळ्यांना भरून मिळतात. कमी दिले तर त्या कॉलेजचे प्राचार्य नाराज, आपल्या मुलांना उद्या त्यांचा परीक्षक कमी देणार ही भीती, आणि मनात हाही विचार की हिच्या पंचवीसचे अठ्ठावीस केल्याने कुणाचं नुकसान होतंय, प्रवेश तर सीईटीवर आहे. मोजलं जात नाही म्हणून आम्ही सैल झालो, आणि आम्ही सैल आहोत म्हणून आपण मोजत नाही. यातली पहिली गाठ आपल्या हातात आहे, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

बारावीच्या गुणांवर जे आक्षेप घेतात त्यांचं म्हणणं मला पूर्ण समजतं. परीक्षा केंद्रांवर कॉपी होते. मंडळामंडळांत गुण देण्याची सढळता वेगळी असते. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षा रद्द झाली आणि दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के अशा सूत्राने आम्ही कॉलेजांनी गुण भरले, तेव्हा बारावीचा निकाल ९९.६३ टक्के लागला. सगळी सूत्रं शिक्षकांच्या हाती दिली की काय होतं, ते तेव्हा दिसलं. २०१९ मध्ये दहावीचे अंतर्गत वीस गुण काढले तर निकाल ७७.१० वर आला, आणि ते परत दिले तर पुढच्याच वर्षी ९५.३० झाला. हे आकडे मी विसरलेले नाही. म्हणून मी निम्मं वजन मागते आहे ते लेखी परीक्षेच्या गुणांना. भौतिकशास्त्राचे ७०, रसायनशास्त्राचे ७०, गणिताचे ८०. हे २२० गुण अनोळखी परीक्षक तपासतो, नियामक पुन्हा बघतो, आणि विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. प्रॅक्टिकलचे गुण तूर्त बाजूला ठेवा. परीक्षक कोण येणार हे मंडळाने सोडतीने आणि ऐन वेळी ठरवायला सुरुवात केली, आणि एखाद्या कॉलेजात सगळ्याच मुलांना तीसपैकी तीस पडले की मंडळाने विचारणा करायला सुरुवात केली, की मग त्यांचाही विचार करता येईल.

आता सीईटीबद्दल. मी सीईटीच्या विरोधात नाही. चंद्रपूरच्या मुलीला आणि घोडबंदर रोडच्या मुलीला एकाच मापाने मोजायला काहीतरी समान परीक्षा हवी, हे मला मान्य आहे. पण ही परीक्षा नेमकं काय मोजते, ते एकदा शांतपणे बघू या. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, वाचण्यासकट. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला १०८ सेकंद. चौपन्न सेकंदांत मूल विचार करत नाही, ओळखतं. हा प्रश्न मी आधी सोडवलाय का, कोणत्या सूत्रात बसतो, दोन पर्याय एकक बघून उडवता येतात का. ही सगळी कौशल्यं आहेत, आणि ती सरावाने येतात. सराव म्हणजे मॉक टेस्ट, आणि मॉक टेस्ट म्हणजे फी. कोपरखैरण्याच्या त्या मुलाच्या वडिलांना दोन वर्षांचे अडीच लाख सांगितले होते. ते क्लासच्या पायऱ्या उतरून आले आणि मुलाला म्हणाले, तू कॉलेजातच नीट लक्ष दे.

चुकीच्या उत्तराला सीईटीत गुण कापले जात नाहीत. त्यामुळे कुणी प्रश्न सोडत नाही. काहीच न येणारं मूल डोळे मिटून दीडशेही प्रश्नांवर टिचकी मारत गेलं तरी सरासरीने २०० पैकी ५० गुण पडतात. मधल्या गर्दीत, जिथे साधारण मुलं दाटीवाटीने उभी असतात, तिथे चार-पाच नशिबाची उत्तरं कुणाला वर उचलतात आणि कुणाला खाली ढकलतात. आणि मग या गर्दीला आपण पर्सेंटाइल लावतो, दशांशचिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्रातल्या मुलांची तुलना त्या सत्रातल्याच मुलांशी होते. एका सत्रात सत्तावीस-अठ्ठावीस हजार मुलं असतील तर एक मूल पुढे गेल्याने पर्सेंटाइल ०.००३६ च्या आसपास हलतो. त्याच्या पुढचे आकडे भागाकाराची शेपटी आहेत. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी नौपाड्यात आणि वाशीच्या सेक्टर १७ मध्ये फलक लागतात, त्यावर मुलांच्या फोटोखाली ते सातही आकडे छापलेले असतात, आणि पालकांना वाटतं की यंत्राने आपल्या मुलाची बुद्धी इतकी बारीक मोजली आहे.

यंदा २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. २७ हजारांहून जास्त मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. आपण चूक मान्य करून परीक्षा पुन्हा घेतलीत, ते योग्यच झालं. पण त्या आठवड्यात माझ्या ओळखीची दोन मुलं रात्र-रात्र जागी होती. दोन वर्षांचा सगळा भार एका सकाळवर ठेवला की त्या सकाळी कुणाच्याही हातून झालेली चूक मुलाला भोगावी लागते. आता सीईटी वर्षातून दोनदा घ्यायचं आपण जाहीर केलं आहे. दुसरी संधी चांगलीच आहे. मात्र एका परीक्षेच्या दोन झाल्या तर क्लासलाही दुप्पट मोसम मिळेल, आणि माझा वर्ग आजच्याहूनही लवकर रिकामा होईल, ही भीती मला आहे.

मी मागते आहे ते नवं नाही. अभियांत्रिकीला सीईटी २००४ पासून लागू झाली, तेव्हा मी नोकरीत सहा वर्षांची होते. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी आपल्याच राज्याने सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचे ५० आणि बारावीचे ५० असं सूत्र वापरलं होतं. जेईईचा अभ्यासक्रम आपल्या मुलांना जड गेला, त्याबद्दलची तक्रार रास्त होती, आणि २०१६ मध्ये सीईटी परत आली. पण सीईटी परत आणताना बारावीचे निम्मे गुणही आपण सोबत फेकून दिले. जेईईनेही २०१३ ते २०१६ बारावीला ४० टक्के वजन दिलं होतं, ते २०१७ पासून काढलं. त्या दोन-तीन वर्षांत शिकवलेल्या तुकड्या मला आठवतात. फेब्रुवारीत मुलं स्टाफरूमच्या दारात जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन उभी असायची. "मॅडम, हे डेरिव्हेशन तीन मार्कांना आलं तर कुठपर्यंत लिहायचं?" हा प्रश्न गेल्या कित्येक वर्षांत मला कुणी विचारलेला नाही. २०२२ मध्ये तत्कालीन उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांनी पुन्हा ५०-५० करण्याची घोषणा केली होती. आम्ही शिक्षकांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. ती घोषणा अंमलात आलीच नाही, आणि का आली नाही हेही आम्हाला कुणी सांगितलं नाही.

शेजारी बघा. कर्नाटकात अभियांत्रिकीच्या रँकसाठी त्यांची सीईटी आणि बारावी निम्मी-निम्मी धरतात. केरळातही तसंच. तमिळनाडूत तर प्रवेश परीक्षाच नाही. गणिताचे १००, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० असे बारावीचे दोनशे गुण धरून यादी लागते. तिथल्या अभियंत्यांना कुणी कमी लेखत नाही. आपल्या हिंजवडीतल्या आणि ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांत ते आपल्या मुलांच्या शेजारी बसून काम करतात.

केरळकडून एक सावधगिरीही शिकायला हवी. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्याचं सूत्र बदललं, तेही परीक्षा झाल्यावर, रँक जाहीर होण्याच्या तोंडावर. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि यादी पुन्हा लावावी लागली. आधी वर असलेली कितीतरी मुलं एका रात्रीत खाली आली. आपल्यालाही हा अनुभव आहे. अकरावी प्रवेशासाठी २००८ मध्ये आणलेलं पर्सेंटाइल सूत्र आणि २००९ मधला, राज्य मंडळाच्या मुलांना ९० टक्के जागा देणारा ९०:१० चा कोटा मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. २०१० चं 'बेस्ट ऑफ फाइव्ह', म्हणजे दहावीच्या सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच गुण धरायचं सूत्र, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकलं. २०२१ ची अकरावीची सीईटी ऑगस्टमध्ये रद्द झाली. प्रत्येक वेळी मुलं जून-जुलैमध्ये हातात गुणपत्रिका घेऊन कोर्टाच्या बातम्या वाचत बसली होती. म्हणून माझी विनंती आहे की सूत्र बदलायचं ते आज अकरावीत बसलेल्यांसाठीही बदलू नका. २०२६ च्या जूनमध्ये जी मुलं अकरावीत येतील, त्यांना प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी सांगा की २०२८ मध्ये तुमचे बारावीचे लेखी गुण निम्मे धरले जातील. सीबीएसई, सीआयएससीई (आयसीएसई-आयएससी परीक्षा घेणारं मंडळ) आणि राज्य मंडळ यांचे गुण सरळ बेरजेत न घेता, प्रत्येक मुलाचं त्याच्या मंडळातलं स्थान धरा. हे सूत्रही निर्दोष नाही, कारण सगळ्या मंडळांत सारखीच मुलं असतात असं त्यात गृहीत धरावं लागतं. पण सीईटीच्या दोन सत्रांची तुलना करताना आपण हेच गृहीत धरतो आणि त्यावर आक्षेप घेत नाही.

एक अडचण मला बाहेरूनही दिसते. बारावीची परीक्षा शालेय शिक्षण विभागाच्या मंडळाची. प्रवेश उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या कक्षाचे. मंडळाला प्रवेशाशी देणंघेणं नाही, कक्षाला वर्गाशी नाही. आमचं कनिष्ठ महाविद्यालय या दोन खात्यांच्या मधल्या भिंतीवर बसलेलं आहे. वर्ग रिकामे पडतात ही कुणाचीच जबाबदारी नाही. म्हणून हे पत्र मी दोन्ही मंत्र्यांना एकत्र लिहिते आहे. आपण दोघांनी एका टेबलावर बसून एक परिपत्रक काढल्याशिवाय यातलं काही होणार नाही.

आणि एक छोटी गोष्ट, जिला पैसा लागत नाही. सीईटीच्या निकालपत्रावर पर्सेंटाइलच्या खाली मराठीत एक ओळ छापा: "हे टक्के नाहीत. परीक्षेला बसलेल्या इतक्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे इतके विद्यार्थी आपल्या पुढे आहेत." ही ओळ असती तर त्या गृहस्थांनी घरी, शेजारी, गावाकडे साताऱ्याला फोन करून "पोराला अठ्ठ्याहत्तर पडले" असं आनंदाने सांगितलं नसतं. मग आठवडाभराने तेच शब्द त्यांना मागे घ्यावे लागले नसते.

तो मुलगा आता वाशीत बीएससीच्या पहिल्या वर्षाला आहे. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांत त्याला कॉलेजांची नावं आली ती कर्जतपलीकडची, रोजचं जाणं-येणं आणि फी दोन्ही न झेपणारी. गेल्या महिन्यात तो भेटायला आला होता. आमच्या प्रयोगशाळेत अकरावीची बॅच चालू होती आणि एका टेबलावर सोनोमीटरची तार सैल पडली होती. बोलता बोलता त्याने खुंटी पिळून ती ताणली, कागदाचा तुकडा तारेवर ठेवला, ट्यूनिंग फोर्क टेकवला. कागद उडाला तशी अकरावीची मुलं भोवती जमली, आणि तो त्यांना सेतूंमधलं अंतर का बदलायचं ते समजावत बसला. मला त्याला शिकवावं लागलं नाही. हे त्याला येतं याची नोंद त्याच्या बारावीच्या गुणपत्रिकेत आहे, आणि ती गुणपत्रिका कुणी बघितली नाही.

आपण मंत्रालयातून वाशीला गाडीने तासाभरात पोचाल. न कळवता या. जानेवारीतला कोणताही मंगळवार चालेल, सकाळी साडेसातला बारावी विज्ञानाचा माझा तास असतो. हजेरीपट मी टेबलावर उघडा ठेवेन. त्यातली नावं आणि बाकांवरची मुलं आपणच मोजा. तास संपला की त्या मुलांना आपल्याशी बोलायचं आहे, मी त्यांना विचारून ठेवलं आहे.

आपली नम्र,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका
ठाणे